ऑक्टोबरमधला बुलपेन वाचायला बेसबॉल सॅव्हंट आणि बेसबॉल-रेफरन्स किती कामाचे?

ब्लेक स्नेल या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, काढलं तेव्हा त्याचा बेसबॉल संघ टॅम्पा बे रेज १-० ने पुढे होता. तारीख २७ ऑक्टोबर २०२०, मैदान आर्लिंग्टनचं, वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, सहावा सामना. स्नेलचे चेंडू झाले होते ७३. ९ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर फुकट मिळणारा पहिला बेस) एकही नाही, हिट दोन. समोरच्या डॉजर्सचे वरचे तीन बॅटर, म्हणजे मूकी बेट्स, कोरी सीगर आणि जस्टिन टर्नर, मिळून सहा वेळा त्याच्यासमोर आले आणि सहाही वेळा स्ट्राइकआउट होऊन परत गेले. सहाव्या इनिंगमध्ये (एका सामन्यात नऊ इनिंग, प्रत्येकीत संघाचे तीन आउट) एक आउट झाल्यावर ऑस्टिन बार्न्सने एक साधी सिंगल (पहिल्या बेसपर्यंतचा हिट) काढली आणि रेजचा मॅनेजर केव्हिन कॅश माउंडकडे, म्हणजे पिचरच्या उंचवट्याकडे, निघाला. स्नेलच्या जागी निक अँडरसन आला. बेट्सचा डबल (दुसऱ्या बेसपर्यंतचा हिट), मग वाइल्ड पिचवर (कॅचरच्या हाती न लागलेला भरकटलेला चेंडू) बरोबरी, मग सीगरच्या जमिनीवरून गेलेल्या फटक्यावर डॉजर्सची आघाडी. ३-१ ने सामना आणि विजेतेपद दोन्ही गेलं.

या निर्णयावरचं भांडण अजून मिटलेलं नाही. इथे ते मिटवायचं नाही. आपल्याला हवंय ते एवढंच: पिचर थकलाय का, बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचरांच्या ताफ्यात, कोण उरलंय, आणि कोणाला कधी आणावं, हे मॅनेजरसमोर असतं तसं चित्र आपल्याला घरबसल्या दिसू शकतं का? बऱ्याच अंशी दिसतं, आणि एक पैसाही न देता. त्यासाठी दोन संकेतस्थळं लागतात. माउंडवर या क्षणी काय चाललंय ते बेसबॉल सॅव्हंट सांगतं. माउंडवरच्या माणसाच्या अंगावर आधीचं किती ओझं आहे ते बेसबॉल-रेफरन्स सांगतं. एकट्यावर भिस्त ठेवली तर दोन्ही दिशाभूल करतात. आणि एक महत्त्वाची गोष्ट दोघांकडेही नाही, ती शेवटी.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकासाठी आधी एक फरक. टी-ट्वेंटीत कर्णधार बुमराहचं एक षटक शेवटासाठी राखून ठेवतो. त्याला आत्ता थांबवलं तरी सतराव्या किंवा एकोणिसाव्या षटकात तो पुन्हा येतो. बेसबॉलमध्ये काढलेला पिचर त्या सामन्यापुरता संपला, परत येत नाही. कोटा नावाची भानगडही नाही. एकाने हवे तेवढे चेंडू टाकावेत, फक्त उद्या आणि परवा त्याची किंमत मोजावी लागते. शिवाय २०२० पासून आलेला नियम असा की आलेल्या पिचरने किमान तीन बॅटरना चेंडू टाकलेच पाहिजेत. सुटका दोनच कारणांनी, इनिंग संपली किंवा दुखापत झाली. एका डावखुऱ्या बॅटरपुरता डावखुरा आणायचा जुना डाव त्यामुळे गेला. आता मॅनेजर माणूस पाहून नाही, लागोपाठचे तीन-चार बॅटर पाहून रिलीव्हर (सामन्याच्या मध्यात आणलेला पिचर) निवडतो.

सॅव्हंटचा गेमफीड

बेसबॉल सॅव्हंट हे मेजर लीगचं स्वतःचं संकेतस्थळ. मैदानांवरच्या स्टॅटकास्ट यंत्रणेची मोजमापं इथे येतात. स्टॅटकास्ट सगळ्या मैदानांवर २०१५ पासून आहे, आणि २०२० पासून त्यामागे हॉक-आय कॅमेरे आहेत. क्रिकेटच्या पायचीत निर्णयांमुळे हॉक-आय आपल्या ओळखीचंच. सामन्याचं पान, म्हणजे गेमफीड, उघडलं की प्रत्येक चेंडूची ओळ येते: प्रकार, वेग, फिरकी, उभी-आडवी हालचाल, निकाल. पण पिचरचा थकवा ओळखायला ही लांबलचक यादी वाचत बसू नये. पिचरनिहाय सारांशाच्या तक्त्यावर जावं. तिथे प्रत्येक प्रकारच्या चेंडूचा आजचा सरासरी वेग आणि शेजारी हंगामाच्या सरासरीपेक्षा किती कमी-जास्त तो आकडा असतो.

वापरायची रीत अशी. पहिल्या इनिंगचा वेग एकट्याने धरू नका. प्लेऑफमध्ये (ऑक्टोबरमधल्या बाद फेऱ्यांत) पहिल्या इनिंगला अंगात वारं शिरलेलं असतं, फास्टबॉल नेहमीपेक्षा वर जातो आणि मग पुढची प्रत्येक इनिंग उगाच घसरल्यासारखी वाटते. पहिल्या दोन इनिंगची सरासरी कागदावर टिपा. चौथ्या इनिंगपासून शेवटचे आठ-दहा फास्टबॉल त्या आकड्याशी ताडून पाहा. ताशी एक मैल उतरला असेल तर नुसती नोंद. दोन मैल उतरला आणि तो उतार एका इनिंगपुरता नसेल, तर बुलपेनमध्ये कोणीतरी उभं राहायलाच हवं. (सवय नसलेल्यांसाठी: ताशी ९५ मैल म्हणजे सुमारे १५३ किलोमीटर.)

वेगाच्या जोडीला दुसरा आकडा बघायचा तो व्हिफचा, म्हणजे बॅट फिरली पण चेंडू लागला नाही. थकलेल्या पिचरचा वेग कधीकधी टिकतो, पण स्लायडर आणि स्प्लिटरसारखे फसवे चेंडू बोथट होतात. जे चेंडू आधी चुकत होते ते फाउल (बॅटला लागून हद्दीबाहेर) जायला लागतात. दोन स्ट्राइकनंतर तीन-चार फाउल सलग गेले की चेंडूंची संख्या वाढते आणि बॅटरला पिचरचा हात नीट दिसायला लागतो. टीव्हीवर याला ‘झुंजार बॅटिंग’ म्हणतात. सारांशाच्या तक्त्यात मात्र व्हिफचा रकाना बॅटिंग ऑर्डरच्या दुसऱ्या फेरीनंतर हललेलाच नाही, हे चटकन दिसतं.

तिसरा आकडा बॅटवरून सुटलेल्या चेंडूच्या वेगाचा. ताशी ९५ मैल किंवा त्याहून जास्त असेल तर स्टॅटकास्ट त्याला हार्ड-हिट म्हणतं. इथे या सेवेची खरी किंमत कळते. धावफलकावर पाचव्या इनिंगसमोर शून्य असतं, तिन्ही बॅटर आउट, निवेदक पिचरचं कौतुक करत असतो. गेमफीडवर मात्र तिन्ही चेंडू शंभरच्या वर सुटलेले आणि थेट फिल्डरच्या हातात गेलेले असतात. ती इनिंग पिचरने नाही, नशिबाने काढलेली असते. उलटही होतं. दोन मऊ सिंगल पडतात, प्रेक्षक ओरडायला लागतात, पण चेंडू सत्तर मैलांनीही सुटलेला नसतो. अशा वेळी पिचर काढणारा मॅनेजर आकड्यांना नाही, आरडाओरड्याला घाबरलेला असतो. बार्न्सची ती सिंगल आली म्हणून स्नेलला काढलं असं वरवर वाटतं. कॅशने नंतर जाहीरपणे सांगितलेलं कारण वेगळं होतं: बेट्स आणि सीगरला स्नेलचा हात तिसऱ्यांदा बघू द्यायचा नव्हता.

सॅव्हंट फसवतं कुठे, तेही सांगायला हवं. चेंडूचा प्रकार यंत्र ठरवतं, आणि सामना चालू असताना ते चुकतं. एखाद्याचा कटर स्लायडरमध्ये किंवा सिंकर फोर-सीममध्ये मोजला गेला की दोन्हींच्या सरासऱ्या बिघडतात आणि ‘फास्टबॉल दीड मैल उतरला’ असं खोटं चित्र उभं राहतं. ही लेबलं सामन्यानंतर दुरुस्त होतात, पण तोवर निष्कर्ष काढून झालेले असतात. सरासरी अचानक पडलेली दिसली तर आधी त्या प्रकारच्या चेंडूंची संख्या बघा. तीही त्याच इनिंगमध्ये अचानक बदलली असेल तर थकवा नाही, लेबल हललंय. दुसरं, बेसवर कोणी नसताना आणि आघाडी मोठी असताना अनुभवी स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) मुद्दाम हात राखून टाकतो. दुसऱ्या बेसवर माणूस गेला की वेग परत वर येतो. तो आला नाही तरच चिंता.

सामना संपल्यावर खोलात जायचं असेल तर सॅव्हंटचं शोध-पान आहे. तिथे प्लेऑफ वेगळे निवडता येतात, फेरीही निवडता येते, आणि प्रत्येक चेंडूची ओळ सीएसव्ही फाइलमध्ये उतरवता येते. त्या फाइलमध्ये तीन रकाने या विषयासाठी सोन्यासारखे आहेत: चेंडू सोडताना हात जमिनीपासून किती उंच होता, पिचर बॅटिंग ऑर्डरमधून कितव्यांदा जातोय, आणि आधीच्या सामन्याला किती दिवस झाले. थकलेल्या पिचरचा हात सहसा खाली येतो, आणि कधीकधी वेग उतरण्याआधी येतो. स्प्रेडशीटमध्ये इनिंगप्रमाणे हाताच्या उंचीची सरासरी काढायला पाच मिनिटं लागतात. गेमफीडवर हे आयतं मिळत नाही. मिळायला हवं होतं.

बेसबॉल-रेफरन्सचा बॉक्स स्कोअर

इकडे थेट प्रक्षेपणासारखं काहीच नाही. सामना संपल्यावर, भारतात बहुधा त्याच दिवशी उशिरा, बॉक्स स्कोअर (सामन्याच्या आकड्यांचा तक्ता) चढतो. जाहिराती बऱ्याच आणि रूप जुन्या रेल्वे वेळापत्रकासारखं. पण पिचरच्या तक्त्यात उजवीकडे सरकत गेलात तर जे मिळतं ते दुसरीकडे इतकं नीटनेटकं एका ओळीत मिळत नाही: बॅटर किती, चेंडू किती, त्यातले स्ट्राइक किती, आणि पुढे आयआर, आयएस, डब्ल्यूपीए (विजयाच्या शक्यतेत पिचरने घातलेली भर), एएलआय.

आयआर म्हणजे पिचर आला तेव्हा बेसवर आधीच असलेले रनर. आयएस म्हणजे त्यातले किती घरी आले. हे दोन रकाने वाचल्याशिवाय रिलीव्हरबद्दल बोलूच नये. स्नेलचाच सामना घ्या. बार्न्स बेसवर होता तो स्नेलच्या चेंडूवर, म्हणून अँडरसनच्या वाइल्ड पिचवर आलेली ती धाव स्नेलच्या खात्यात गेली. बेट्सची धाव तेवढी अँडरसनची. ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यात जाणाऱ्या धावांची सरासरी) पाहणाऱ्याला स्नेलने एक दिली आणि अँडरसनने एक, असं बरोबरीचं चित्र दिसतं. आयआर-आयएस पाहणाऱ्याला दिसतं की अँडरसनला एक रनर वारशात मिळाला आणि तोही आत आला. त्याच पानावरून त्याची प्लेऑफची नोंद उघडली की दिसतं, आधीच्या सलग सहा सामन्यांत त्याने धाव दिली होती. बॅटर तिसऱ्यांदा समोर येण्याचा धोका मोजणाऱ्या मॅनेजरने समोरच्या पर्यायाचा धोका किती धरला होता, असा खरा प्रश्न तिथून सुरू होतो.

एएलआय म्हणजे पिचरने टाकलेल्या प्रसंगांचं सरासरी वजन. सर्वसाधारण प्रसंग १ धरला जातो. दोनच्या वर म्हणजे निकाल हातात असलेला प्रसंग, अर्ध्याच्या खाली म्हणजे सामना जवळपास संपलेला. आपला सगळ्यात चांगला रिलीव्हर मॅनेजरने कुठे खर्च केला हे तपासायचं हे मोजमाप. २०१६ च्या वर्ल्ड सिरीजमधला अरोल्डिस चॅपमन हे त्याचं घोटून घ्यायचं उदाहरण. तो शिकागो कब्जचा रिलीव्हर, त्यांचा मॅनेजर जो मॅडन. पाचव्या सामन्यात, ३० ऑक्टोबरला, हरलं की सगळं संपणार होतं म्हणून चॅपमनकडून आठ आउट काढून घेतले: ४२ चेंडू. त्यात तक्रारीला जागा नाही. एक दिवस सुट्टी. १ नोव्हेंबरला सहाव्या सामन्यात ७-२ अशी पाच धावांची आघाडी असताना सातव्या इनिंगमध्ये त्याला परत आणलं: २० चेंडू. दुसऱ्या दिवशी सातवा सामना. आठव्या इनिंगमध्ये दोन आउट, ६-३ आघाडी, बेसवर एक जण, आणि चॅपमन पुन्हा माउंडवर. क्लीव्हलँडच्या ब्रँडन गायरचा डबल, राजाई डेव्हिसचा होमरन, ६-६. त्या दिवशी ३५ चेंडू. चार दिवसांत एकूण ९७. कब्ज दहाव्या इनिंगमध्ये जिंकले म्हणून मॅडनची सुटका झाली, पण मधले ते वीस चेंडू पाच धावांच्या आघाडीवर खर्च झाले होते. तिन्ही बॉक्स स्कोअर शेजारी शेजारी उघडून एएलआयचा रकाना वाचला की वेगळं भाष्य लागत नाही.

त्याच सिरीजमध्ये समोरच्या डगआउटमध्ये टेरी फ्रँकोना होता आणि त्याची अडचण उलटी होती. क्लीव्हलँडचा कार्लोस कॅरास्को जायबंदी, डॅनी सालाझार नुकताच परतलेला आणि फक्त रिलीफपुरता. त्याआधी टोरोंटोविरुद्ध तर ट्रेव्हर बाउरचं ड्रोन दुरुस्त करताना कापलेलं बोट माउंडवर रक्ताळलं. तो दोन आउट काढून गेला आणि उरलेले २५ आउट बुलपेनने काढले. वर्ल्ड सिरीजमध्ये फ्रँकोनाने कोरी क्लूबरला पहिला, चौथा आणि सातवा असे तीन सामने दिले, दोन वेळा फक्त तीन दिवसांच्या विश्रांतीवर. पहिल्यात ९ स्ट्राइकआउट, चौथ्यात ६, सातव्यात शून्य. रेफरन्सवर पिचरच्या विभागवार आकड्यांचं पान असतं. त्यात विश्रांतीचे दिवस, चेंडूंचे टप्पे (१ ते २५, २६ ते ५० असे) आणि बॅटर कितव्यांदा समोर येतोय, हे सगळं वेगळं काढलेलं मिळतं. थोडं जपून वाचावं. एका पिचरचे तीन दिवसांच्या विश्रांतीवरचे सामने मोजून दोन-चार असतात, तेवढ्यावर सिद्धांत उभारू नये. ‘तिसऱ्यांदा समोर’ या ओळीत मात्र अख्ख्या हंगामाचा माल असतो, ती भरवशाची.

इतिहास खणायचा असेल तर रेफरन्सला तोड नाही. सॅव्हंटवर चेंडूनिहाय माहिती २००८ पासूनची. इथे बॉक्स स्कोअर कितीतरी मागे जातात, फक्त चेंडूंची मोजणी १९८८ पासूनच पक्की धरावी. २००१ मध्ये ऍरिझोनाच्या रँडी जॉन्सनने सहावा सामना जिंकून दुसऱ्या दिवशी सातव्यात रिलीफला येऊन तोही जिंकला, ते इथे बघायचं. २०१४ चा मॅडिसन बमगार्नर बघायचा: पाचव्या सामन्यात ११७ चेंडूंचं पूर्ण शटआउट (एकही धाव न देता अख्खा सामना), दोन दिवस विश्रांती, मग सातव्यात ६८ चेंडूंच्या पाच इनिंग, धाव शून्य. अधिकृत स्कोअररने आधी विजय त्याच्या नावे लिहिला, मग नियम पाहून तो जेरेमी ॲफेल्टला दिला आणि बमगार्नरला सेव्ह (आघाडी शेवटपर्यंत राखल्याची नोंद) मिळाली. पाच इनिंगची सेव्ह! विजय-पराजय-सेव्ह या रकान्यांवर किती विश्वास ठेवायचा, ते यावरून कळावं.

तिसरं साधन: एक कागद

दोन्ही ठिकाणांची माहिती जिथे एकत्र यायला हवी ते पान कुठेच नाही, म्हणून ते स्वतः आखावं लागतं. फॅनग्राफ्स या आणखी एका संकेतस्थळाच्या रोस्टररिसोर्स विभागात संघनिहाय रिलीव्हर आणि गेल्या काही दिवसांतले चेंडू दाखवणारा तक्ता आहे, सुरुवातीला तो उतरवून घ्यायला बरा. पण सिरीजसाठी स्वतःचा हवा.

आडवे नऊ रकाने: सात सामने आणि दोन प्रवासाचे दिवस. वर्ल्ड सिरीज २-३-२ पद्धतीने होते, म्हणून दुसऱ्या आणि पाचव्या सामन्यानंतर एकेक सुट्टी. उभ्या तेरा ओळी, कारण २६ जणांच्या संघात पिचर जास्तीत जास्त तेरा. (पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणारा म्हणून नोंदलेला खेळाडू त्यात धरत नाहीत, त्यामुळे ओहतानीच्या संघासाठी चौदावी ओळ आखा.) चौकटीत फक्त चेंडूंचा आकडा.

आधी स्टार्टर भरा. पहिल्या दिवशीचा स्टार्टर पाचव्या सामन्याला, म्हणजे सहाव्या दिवशी, नेहमीच्या चार दिवसांच्या विश्रांतीवर येतो. दुसऱ्याचा सहाव्या सामन्याला पाच दिवसांनी. तिसऱ्याचा सातव्याला चार दिवसांनी. चौथा सामना चौथ्या माणसाचा. म्हणजे चौघांत कोणालाही न ताणता सिरीज बसते आणि पाचवा स्टार्टर लांब पल्ल्याचा रिलीव्हर म्हणून मोकळा होतो. चौथ्यावर भरवसा नसेल तर पहिल्यालाच चौथा आणि सातवा सामना, दोन्ही तीन दिवसांवर. क्लूबरचं हेच झालं. बेत कोणता आहे हे मॅनेजर तोंडाने सांगत नसला तरी चौथा स्टार्टर पहिल्या दोन सामन्यांत रिलीफला किती टाकतो यावरून कळतं. त्याचे चाळीस चेंडू दुसऱ्याच दिवशी गेले असतील, तर चौथा सामना त्याचा नाही.

रिलीव्हरसाठी ढोबळ पट्टी: पंधरा-वीस चेंडूंनंतर दुसऱ्या दिवशी चालतो. पंचविसाच्या वर गेला तर दुसऱ्या दिवशी एखाद-दोन बॅटरपुरताच धरा. सलग तिसरा दिवस म्हणजे लाल खूण. त्यामुळे सिरीज मोडते ती बहुतेक वेळा तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या सामन्यात, कारण हे तिन्ही लागोपाठच्या दिवशी असतात. तिसऱ्या सामन्यात स्टार्टर तिसऱ्या इनिंगमध्ये गेला तर बिल पाचव्या सामन्यात येतं. आधीच्या फेऱ्यांपैकी डिव्हिजन सिरीज पाच सामन्यांची आणि वाइल्ड कार्ड तीनची, तिथे हिशेब लहान. वाइल्ड कार्डला तीन दिवसांत तीन सामने असल्याने चौथ्या स्टार्टरचा प्रश्नच येत नाही, बुलपेनचा मात्र लगेच येतो.

दुखापतीचा नियमही याच कागदाच्या कोपऱ्यात लिहा. सिरीजच्या मध्यात जखमी म्हणून काढलेला खेळाडू त्या फेरीबरोबर पुढच्या फेरीलाही मुकतो. म्हणून थोडं दुखत असलेल्या रिलीव्हरला संघ लगेच बदलत नाहीत, नुसते बसवून ठेवतात. कागदावर तो उपलब्ध दिसतो, प्रत्यक्षात नसतो.

२०२५ ची सिरीज या तक्त्याची खरी परीक्षा होती. डॉजर्स विरुद्ध टोरोंटो, २४ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर, नेमके नऊ दिवस. योशिनोबू यामामोतोची ओळ अशी दिसते: दुसऱ्या दिवशी १०५ (पूर्ण सामना), आठव्या दिवशी ९६, नवव्या दिवशी ३४. दोन दिवसांत १३० चेंडू. तीन आकडे, तिन्ही विजय, आणि सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू. पण ओळीत चौथ्या दिवशीही काहीतरी असायला हवं. तो तिसरा सामना, १८ इनिंगचा, ६ तास ३९ मिनिटांचा. प्लेऑफमध्ये जादा इनिंगला दुसऱ्या बेसवर आयता रनर ठेवत नाहीत, म्हणून असे सामने लांबतात. डॉजर्सचे दहा पिचर लागले. उरलेला शेवटचा रिलीव्हर विल क्लाइन ७२ चेंडू टाकून चार इनिंग तग धरून राहिला, आणि अठराव्या इनिंगमध्ये बुलपेनमध्ये हात मोकळा करत होता तो यामामोतो, पूर्ण सामना टाकून दोनच दिवस झालेला. फ्रेडी फ्रीमनच्या होमरनने त्याची गरज संपवली.

आणि हीच ती गोष्ट जी दोन्ही संकेतस्थळांवर नाही. बॉक्स स्कोअरमध्ये चौथ्या दिवशी यामामोतोचं नाव नाही. सॅव्हंटवर त्याचा एकही चेंडू नाही. पण रिलीव्हर उठला, वीसेक चेंडू जोरात टाकले, आणि मग बसवला गेला, तर त्याच्या हाताला ते चेंडू मोजलेच जातात. असं एका सामन्यात दोनदा झालेला माणूस दुसऱ्या दिवशी ‘शून्य चेंडू, पूर्ण ताजा’ म्हणून कागदावर येतो आणि मग दोन मैल कमी वेगाने टाकतो, आणि सगळे बुचकळ्यात. हे दिसतं फक्त टीव्हीवर, कॅमेरा बुलपेनकडे वळतो तेव्हा. तेवढ्यासाठी चौकटीत एक ठिपका काढायची सवय लावा. उठला की ठिपका, दुसऱ्यांदा उठला की दुसरा. दोन ठिपके म्हणजे अर्धा सामना धरा.

पिच क्लॉकने (ठरलेल्या सेकंदांत चेंडू टाकायला लावणाऱ्या घड्याळाने) याचं महत्त्व वाढवलंय. बेसवर कोणी नसेल तर १५ सेकंद, असेल तर १८. पूर्वी कॅचर दोनदा माउंडवर जाऊन, पिचर पहिल्या बेसकडे चार वेळा फेकून बुलपेनसाठी वेळ काढायचे. आता माउंडभेटी मोजून मिळतात आणि बेसकडे फेकण्यावरही बंधन आहे. त्यामुळे रिलीव्हर आधी उठवावा लागतो, आणि आधी उठवलेले न वापरता बसवावेही लागतात. म्हणजे ठिपके जास्त.

किरकोळ तक्रारी

सॅव्हंट मोबाइलवर वापरणं म्हणजे शिक्षा आहे. तक्ते रुंद, अक्षर बारीक, फोन आडवा केला तरी शेवटचे दोन रकाने बाहेर. लॅपटॉप किंवा निदान टॅबलेट हवा. जुन्या यंत्रावर गेमफीड तासाभराने जड होतो, पान एकदा ताजं करावं. प्रत्येक चेंडूचा व्हिडिओ तुकडा मात्र सामन्यानंतर तिथेच बघता येतो, आणि हाताचा कोन डोळ्यांनी तपासायला त्याहून चांगलं काही नाही. रेफरन्सवर साधं वाचन फुकट, पण ‘२५ चेंडूंनंतर दुसऱ्या दिवशी आलेले सगळे रिलीव्हर’ असा शोध घ्यायला स्टॅटहेड नावाची वर्गणी लागते. एका सिरीजपुरती ती घेण्यात अर्थ नाही. सीएसव्ही आणि थोडी चिकाटी पुरते.

दोन्हीकडे सगळं इंग्रजीत आणि वेळ अमेरिकेतली. वर्ल्ड सिरीज पूर्व किनाऱ्याच्या रात्री आठच्या सुमाराला सुरू होते, म्हणजे पुण्या-मुंबईत दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाच. पानावर सोमवार लिहिलेला सामना आपल्याकडे मंगळवारचा, म्हणून कागदावरचे नऊ रकाने अमेरिकी तारखांनीच भरा, नाहीतर विश्रांतीच्या दिवसांत एकाची चूक होते. तो १८ इनिंगचा सामना इथे दुपारी सव्वाबारानंतर संपला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात. सिरीज तिथवर लांबली तर गजर साडेसहाचा लावायचा.